स्लाइसवर नाइस इलाज!

माहीत आहे का, ड्रायव्हरचा फेस आणि गोल्फ बॉल यांची गाठभेट किती वेळ चालते? जेमतेम अर्धा मिलिसेकंद! एका सेकंदाचे दोन हजार तुकडे करा आणि त्यातला एक उचला. बस्स, तेवढ्यात सगळा फैसला. बॉल फेअरवेवर की थेट झाडीत?

हौशी गोल्फरच्या बॉलला झाडीची भारी ओढ, आणि तीही उजवीकडच्या. सुरुवातीला सरळ, मग किंचित उजवीकडे, मग पार उजवीकडे! हाच तो जगप्रसिद्ध स्लाइस. (डावखुऱ्या मंडळींनी या लेखातल्या सगळ्या बाजू उलट करून वाचाव्यात.) मग स्वारी दुकानात पोचते आणि फर्मान सुटतं, 'एखादा फरगिव्हिंग ड्रायव्हर दाखवा हो!'

थांबा, थांबा! कार्ड स्वाइप करण्याआधी एक गोष्ट ऐका. फरगिव्हिंग ड्रायव्हर वेगळा आणि स्लाइस कमी करणारा ड्रायव्हर वेगळा. रॅकवर दोघं शेजारी शेजारी उभे, दिसायला सारखे. पण काम? साफ वेगळं! चला, एकेक पत्ता उघडूया.

चंद्रावर नो स्लाइस!

६ फेब्रुवारी १९७१. अपोलो १४ चे कमांडर ॲलन शेपर्ड यांनी दगडमातीचे नमुने गोळा करायच्या दांड्याला सिक्स आयर्नचं डोकं जोडलं आणि चक्क चंद्रावर गोल्फ खेळले. स्पेससूट इतका अवघडलेला, की स्विंग एकाच हाताने! पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षातून फ्रेड हेज यांनी लगेच फिरकी घेतली: ॲल, हा तर स्लाइस दिसतोय!

पण माहीत आहे का, विज्ञान शेपर्ड यांच्या बाजूने होतं. चंद्रावर हवाच नाही. हवा नाही तर बॉल वळणार कशाच्या जोरावर? फार तर तिरका जाईल, पण तिरका जाईल तोही सरळ रेषेत! २०२१ मध्ये जुने फोटो नव्याने तपासून अंतरही काढलं गेलं. पहिला बॉल २४ यार्ड, दुसरा ४०. चंद्रावरचा रेकॉर्ड अजून तोच.

पृथ्वीवर मात्र हवा आहे आणि ती हिशेब चोख ठेवते. फिरता बॉल आजूबाजूच्या हवेला एका बाजूला ढकलतो, हवा बॉलला दुसऱ्या बाजूला. याला म्हणतात मॅग्नस इफेक्ट. शेन वॉर्नचा लेगब्रेक टप्पा पडण्याआधीच हवेत लेगकडे सरकायचा ना? तोही याच मॅग्नसचा प्रताप.

आणि हे सगळ्यात आधी कुणी टिपलं, ओळखा पाहू! सर आयझॅक न्यूटन. १६७२ मध्येच त्यांनी टेनिसच्या वळणाऱ्या बॉलबद्दल लिहून ठेवलं होतं. सफरचंद पडलं सरळ, बॉल गेला वाकडा, न्यूटनसाहेबांची नजर दोन्हीवर!

गोल्फ बॉलवर खरा अभ्यास केला तो एडिंबराच्या प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, १८९० च्या दशकात. बॉल हवेत तरंगत राहतो तो त्याच्या उलट्या फिरकीमुळे, हे त्यांनी दाखवून दिलं. घरात प्रयोगाला माणूसही तयार होता. त्यांचा मुलगा फ्रेडी १८९६ आणि १८९८ चा ब्रिटिश ॲमॅच्युअर चॅम्पियन! बाप गणितात, लेक गवतात. काय घर असेल ते!

फेस टू फेस

आता मुद्द्याचं. बॉल उजवीकडे का पळतो?

अनेक वर्षं पुस्तकांत एकच पाठ होता: बॉल निघतो स्विंगच्या दिशेने आणि मग वळतो फेसच्या दिशेने. मग आले डॉपलर रडार. ट्रॅकमॅन नावाच्या डॅनिश कंपनीची नारिंगी पेटी रेंजवर येऊन बसली, तिने प्रत्येक बॉल मोजला आणि पाठ फिरला. बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे. वळण किती, हे ठरतं फेस आणि स्विंगची वाट यांच्यातल्या फरकावर.

म्हणजे स्लाइसची कुंडली अशी: डोकं बाहेरून आत येतंय, आणि त्या वाटेच्या मानाने फेस उजवीकडे उघडा राहिलाय. वाट एकीकडे, चेहरा दुसरीकडे. झाला स्लाइस!

एक अंश म्हणजे असा कितीसा, असं वाटतं ना? २५० यार्डांवर एका अंशाचे सव्वाचार यार्डांहून जास्त होतात. आणि हा फक्त निघतानाचा फरक. वळणाचं बिल वेगळं.

आता सगळ्यात मोठी गंमत. बॉल उजवीकडे जातो म्हणून तुम्ही मुद्दाम डावीकडे तोंड करून उभे राहता, हो ना? सगळेच राहतात! पण तसं उभं राहिलं की स्विंगची वाट आणखी डावीकडे जाते, फेस मात्र जुन्या सवयीने लक्ष्याकडेच बघत राहतो. दोघांतला फरक वाढला, म्हणजे स्लाइसही वाढला. औषधच रोग वाढवतं.

स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविकला तर स्लाइसची चैन परवडतच नाही. १८६० ची पहिली ओपन झाली ते हे गाव. इथल्या पहिल्या होलचं नाव 'रेल्वे', कारण उजव्या हाताला पूर्ण होलभर रेल्वेचे रूळ! राउंडचा पहिलाच फटका, हात अजून गरम व्हायचेत, आणि स्लाइस झाला की बॉल थेट स्टेशनच्या रस्त्याला.

माफी मिळते, पण कशाची?

ड्रायव्हरवर 'फरगिव्हिंग' लिहिलेलं असतं तेव्हा कंपनीला म्हणायचं असतं एमओआय, म्हणजे मोमेंट ऑफ इनर्शिया. गावात दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर आठवते? तिच्या हातात लांबलचक आडवी काठी असते, वजन दोन्ही टोकांना पसरलेलं, म्हणून तोल पटकन ढळत नाही. ड्रायव्हरच्या डोक्यातही वजन असंच मध्यापासून लांब, कडेला आणि मागे ढकलतात. मग बॉल मध्यभागी न लागता टोकाला लागला तरी डोकं फारसं गरगरत नाही. वेग टिकतो, अंतर टिकतं. माफी मंजूर!

या माफीलाही कायदा आहे, माहीत आहे का? उभ्या अक्षाभोवती एमओआय जास्तीत जास्त ५,९०० ग्रॅम-चौरस सेंटिमीटर, वर १०० ची सूट. मग २०२४ च्या जानेवारीत पिंगने जी४३० मॅक्स १०के आणला, त्याच वर्षी टेलरमेडचा क्यूआय१० मॅक्सही आला, आणि सगळीकडे एकच गजर: दहा हजार, दहा हजार! नियम मोडला का? मुळीच नाही. उभ्या अक्षाचा आकडा आणि आडव्या अक्षाचा आकडा, दोन्हींची बेरीज दहा हजारांच्या वर. बंधन आहे ते फक्त उभ्यावर.

आता नीट ऐका, कारण पैसे इथेच वाचतात. एमओआय माफ करतो तो बॉल मध्यावर न लागण्याचा गुन्हा. उघडा फेस हा वेगळा गुन्हा, आणि त्याच्यावर एमओआयची हुकमत चालत नाही. अगदी मधोमध लागलेला बॉल, पण फेस पाच अंश उघडा? तर दहा हजारी ड्रायव्हरही तुम्हाला छान, लांब, दणदणीत स्लाइसच देणार.

हीलमधलं वजन, स्लाइसला 'हील'!

मग उजवीकडचं वळण कमी कोण करतं? ज्या ड्रायव्हरच्या नावात 'ड्रॉ' (म्हणजे डावीकडचं हलकं वळण), 'डी' किंवा पिंगसारखं 'एसएफटी' असतं, तो. एसएफटी म्हणजे स्ट्रेट फ्लाइट टेक्नॉलॉजी. या डोक्यांत वजन हीलकडे, म्हणजे शाफ्टच्या बाजूला सरकवलेलं असतं.

यामागची करामत भन्नाट आहे. ड्रायव्हरचा गुरुत्वमध्य फेसच्या बराच मागे असतो. त्यामुळे बॉल 'टो'कडे, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या बाजूला लागला, तर डोकं एकीकडे फिरतं आणि बॉल दातेरी चक्रासारखा उलटीकडे. याला गिअर इफेक्ट म्हणतात, आणि टोकडच्या बॉलला तो डावीकडचं वळण देतो. आता गुरुत्वमध्यच हीलकडे सरकवला, तर फेसच्या मधोमध लागलेला बॉलही त्या हिशेबाने टोकडेच लागला! डावीकडचं वळण फुकटात.

आणि बॉल हीलकडे लागला तर? गिअर इफेक्ट उलटा, वळण उजवीकडे. फेस आधीच उघडा, त्यात बॉल हीलला. दुष्काळात तेरावा महिना.

माहीत आहे का, ड्रायव्हरचा फेस सपाट नसतो? हात फिरवून बघा, बाहेर आलेला हलका फुगवटा लागेल. गिअर इफेक्टने बॉल वळणार हे गृहीत धरून त्याला आधीच थोडं उलट दिशेने सोडण्यासाठी तो ठेवतात. फुगीर फेसचे ड्रायव्हर १८८० च्या दशकातच आले होते. २०१८ मध्ये टेलरमेडने एम३ आणि एम४ मध्ये फेसला पीळच दिला आणि नाव ठेवलं ट्विस्ट फेस.

कॅरेक्टरमध्ये ट्विस्ट हवा असेल तर फिल मिकलसनला भेटा. २००६ ची मास्टर्स जिंकताना या पठ्ठ्याच्या बॅगेत दोन ड्रायव्हर होते! एक बॉल एका बाजूला वळवायला, दुसरा दुसऱ्या. बॅगेत परवानगी फक्त चौदा क्लबची, त्यातल्या दोन जागा ड्रायव्हरनेच अडवलेल्या. आणि ग्रीन जॅकेट घरी!

लॉफ्ट वाढवा, टेन्शन घटवा

तुमचा वेज कधी स्लाइस होतो का? आठवा, आठवा. जवळजवळ नाहीच! स्विंग तोच, हात तेच. मग ड्रायव्हरच का वाकडा?

उत्तर आहे लॉफ्ट. क्लब जितका तिरपा, तितकी उलटी फिरकी जास्त आणि फिरकीचा अक्ष तितका कमी कलतो. कमी कललेला अक्ष म्हणजे कमी वळण. ड्रायव्हरचा लॉफ्ट बॅगेत पटर सोडला तर सगळ्यांत कमी, म्हणून फेसची छोटीशी चूकही तिथे मोठी होऊन दिसते.

म्हणूनच स्लाइसवाल्याने ९ अंशांचा ड्रायव्हर घेऊ नये. अगदी ठाम सांगायचं तर साडेदहा ही सुरुवात, आणि १२ असेल तर सोन्याहून पिवळं. टीव्हीवरचे प्रो कमी लॉफ्ट वापरतात कारण त्यांचा स्विंग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो. हौशी पुरुष खेळाडू साधारण ९०-९५ वर. त्यांचा नंबरचा चष्मा आपण कशाला लावायचा?

आणखी एक बोनस! अनेक ड्रायव्हरांचं डोकं शाफ्टला फिरत्या स्लीव्हने जोडलेलं असतं. स्लीव्ह फिरवून लॉफ्ट वाढवला की डोकं जमिनीवर टेकवताना फेस थोडा डावीकडे बंदही होतो. एका दगडात दोन पक्षी. मात्र पाना घरीच ठेवा. राउंड सुरू असताना मुद्दाम सेटिंग बदललं आणि त्या क्लबने फटका मारला, तर थेट डिसक्वालिफाय!

काही ड्रायव्हरांना ऑफसेटही असतो, म्हणजे फेस शाफ्टच्या रेषेपेक्षा किंचित मागे. फेसला बंद व्हायला निमिषभर जास्त मिळतो. दिसायला थोडा वाकडा वाटतो, पण चांगल्या स्वभावाचा आहे.

बिडी आणि बर्डी

आता थोडा ब्रेक, एक गोडशी नातेवाइकी. धातूचे ड्रायव्हर येण्याआधी डोकी लाकडाची असायची, आणि सर्वांत नावाजलेलं लाकूड म्हणजे अमेरिकन पर्सिमन. या झाडाची भावकी कुठे आहे, माहीत आहे का? गोंदिया, गडचिरोलीच्या जंगलात! ज्याच्या पानांत बिडी वळतात तो आपला तेंदू आणि पर्सिमन, दोघंही डायोस्पायरॉस गोतातले. एका भावाची बिडी, दुसऱ्याची बर्डी!

आणि लाकडाला कमी लेखू नका. २५ सप्टेंबर १९७४, लास वेगास. ६४ वर्षांचे माइक ऑस्टिन सीनियर ओपनमध्ये टीवर उभे राहिले. पाठीवर जोरदार वारा, हातात पर्सिमनचा ड्रायव्हर. बॉल गेला ५१५ यार्ड! स्पर्धेतला सर्वांत लांब ड्राइव्ह म्हणून तो आजही सांगितला जातो.

१९७९ मध्ये गॅरी ॲडम्स यांनी टेलरमेड काढली आणि स्टीलचं डोकं आणलं. नाव काय ठेवलं? पिट्सबर्ग पर्सिमन! पिट्सबर्ग स्टीलचं शहर ना. १९९१ मध्ये कॅलवेची बिग बर्था आली, १९० घन सेंटिमीटरची, पहिल्या महायुद्धातल्या जर्मन तोफेचं नाव घेऊन. पुढे टायटॅनियम आलं, स्टीलपेक्षा खूप हलकं, आणि डोकी फुगतच गेली. शेवटी नियमच करावा लागला: ४६० घन सेंटिमीटरच्या वर नाही.

२००७ मध्ये तर नायकी आणि कॅलवेने चौकोनी ड्रायव्हर आणले. वजन कोपऱ्यांत, एमओआय जबरदस्त. नायकीच्या सुमोचा आवाज इतका मोठा, की शेजारच्या फेअरवेवरचे वळून बघत. आवाजावरून आठवलं, २००८ च्या अखेरीस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका ५५ वर्षांच्या गोल्फरची केस छापून आली. पातळ फेसचा टायटॅनियम ड्रायव्हर दीड वर्ष, आठवड्यातून तीनदा, आणि उजव्या कानाने ऐकायला कमी येऊ लागलं. डॉक्टरांनी इतरांना सावध केलं. टाळ्या ऐकायच्या असतील तर कान जपा!

स्लाइसवर बॉलकडूनच इलाज करायचा प्रयत्नही झालाय. १९७० च्या दशकात एका भौतिकशास्त्रज्ञाने आणि एका रसायनशास्त्रज्ञाने पोलारा नावाचा बॉल बनवला. काही डिंपल खोल, काही उथळ, आणि बॉल आपोआप सरळ! अमेरिकेच्या गोल्फ असोसिएशनने १९८१ मध्ये नियम केला की बॉल सर्व बाजूंनी सारखाच उडला पाहिजे. खेळ खल्लास. कंपनी कोर्टात गेली आणि १९८५ मध्ये सुमारे १४ लाख डॉलरवर तडजोड झाली.

शाफ्टला कात्री

दुकानातल्या ड्रायव्हरांची लांबी साधारण साडेपंचेचाळीस इंच. लांब शाफ्ट म्हणजे जास्त वेग, पण फेस वेळेवर सरळ आणायची कसरतही मोठी. आता ऐका: १९९७ ची मास्टर्स २१ वर्षांच्या टायगर वुड्सने १२ स्ट्रोक्सनी जिंकली, तेव्हा त्याच्या ड्रायव्हरची लांबी होती साडेत्रेचाळीस इंच. आणि तरी तो सगळ्यांच्या पुढे मारत होता.

उलट टोकाला पुन्हा आपले मिकलसन. २०२१ ची पीजीए चॅम्पियनशिप वयाच्या पन्नाशीत जिंकताना ड्रायव्हर जवळजवळ ४८ इंचांचा! पुढच्याच वर्षापासून मोठ्या स्पर्धांत ४६ ची मर्यादा आली.

स्लाइसवाल्याने टायगरच्या बाजूला यावं. क्लबमेकरकडून शाफ्ट इंचभर छोटा करून घ्या. डोकं हलकं वाटेल, तर हीलकडे शिशाची चिकटपट्टी लावायला सांगा. गेलेलं वजनही भरून निघतं आणि ड्रॉचं सेटिंगही आपोआप.

आणि नवा कोराच हवा असं कुठे आहे? फेसच्या उसळीवर, आकारावर, एमओआयवर मर्यादा लागून वीसेक वर्षं झाली. चार-पाच वर्षं जुनं ड्रॉ मॉडेल चांगल्या स्थितीत मिळालं तर डोळे झाकून नाही, पण बॉल मारून बघून जरूर घ्या.

स्लाइस म्हणजे सगळा वाईटच असंही नाही. त्याच्या शहाण्या धाकट्या भावाला फेड म्हणतात. अठरा मेजर जिंकणाऱ्या जॅक निकलसचा लाडका फटका तोच. बेन होगन तर डावीकडच्या हुकने हैराण होऊन फेडकडे आले आणि मग महान झाले. तुमचा बॉल शेवटी दहा यार्ड उजवीकडे सरकून फेअरवेवर बसत असेल, तर ड्रायव्हर बदलूच नका. तो ठेवा, जपा!

बाकीच्यांसाठी सगळ्यात स्वस्त मशीन: पावडर. होय, पायांना लावायची स्प्रेवाली. फेसवर पातळ थर मारा, पांढरा झाला पाहिजे. एक बॉल मारा आणि क्लब उलटा करून बघा. पांढऱ्यावर बॉलचा गोल ठसा, डिंपलच्या ठिपक्यांसकट, स्वच्छ दिसतो. फटका कुठे लागला याचा पक्का पुरावा! पुसा, पुन्हा फवारा, पुन्हा मारा.

ठसे दरवेळी वेगळ्या जागी? मग एमओआयवाला मॅक्स ड्रायव्हर तुमचा. ठसे हीलकडे जमलेत? आधी बॉलपासून थोडं लांब उभं राहून बघा, बराच फरक तिथेच पडेल, आणि शाफ्ट छोटा करा. ठसा मधोमध आणि बॉल तरी उजवीकडे? ड्रॉ ड्रायव्हर, साडेदहाच्या वर लॉफ्ट. शिवाय ग्रिप तपासा: बॉलसमोर उभं राहून खाली बघितलं की डाव्या हाताची दोन-तीन बोटांची पेरं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर हात थोडा उजवीकडे फिरवा. हे अगदी फुकट!

आणि ठसा टोकडे, म्हणजे गिअर इफेक्ट तुमच्या बाजूने, तरीही बॉल उजवीकडेच? मग फेस इतका उघडा आहे की दुकानातलं कुठलंच मॉडेल त्याला पुरणार नाही. ड्रायव्हरचे पैसे कोचला द्या, आणि जुना ड्रायव्हर घेऊनच त्याच्याकडे जा.